हापूस विक्रीची वेबसाइट: लोक बघतात, पण भाव विचारायला फोनच करतात. रचनेत काय बदलावं?

बागायतदार_रत्नागिरी

घरच्या बागेतला हापूस, सोबत काजूगर, कोकम आगळ आणि आमरसाचे डबे, अशी आमची थेट विक्री आहे. गिऱ्हाईक मुख्यतः मुंबई, ठाणे, पुण्याचं. थोडं बेंगळुरू आणि हैदराबादचं. साइट वर्डप्रेसवर आहे, वूकॉमर्स (ऑनलाइन दुकानाचं प्लगइन) बसवलेलं आहे. येणारे जवळपास सगळे मोबाइलवरून येतात.

सध्याची मांडणी अशी: वर पाच फोटोंचा फिरता स्लायडर, त्यावर पांढऱ्या अक्षरांत स्वागताचं वाक्य. पार्श्वभूमी आंब्याच्या पिवळ्या रंगाची. मेनूत नऊ नोंदी. भाव दर आठवड्याला बदलतो म्हणून पानावर दिलेला नाही, "भावासाठी संपर्क करा" असं लिहिलंय. फळांच्या प्रतवारीचं पत्रक छापखान्यातून करून घेतलं होतं, तेच चित्र म्हणून टाकलंय. अगदी खाली संपर्काचा फॉर्म आणि गूगल नकाशा. काही मोबाइलवर शीर्षकातली वेलांटी आणि मात्रा वरून कापलेली दिसते.

पूर्ण साइट नव्याने करायचं बजेट नाही. आहे त्यात आधी काय सुधारावं? बदलता भाव कसा दाखवावा? आणि मजकूर मराठीत ठेवावा की इंग्रजीत?

---

वेबकाम_पुणे

सुरुवात भावापासून करा. आंबा घेणाऱ्याचे प्रश्न ठरलेले असतात: डझनाला काय भाव, फळ केवढं, माझ्याकडे पोचेल का, आणि कधी. यांची उत्तरं पानावर नसतील तर तो फोन करतो, नाहीतर मागे जाऊन दुसऱ्याची साइट उघडतो. तुमचे फोन वाढलेत ते त्यामुळेच. भाव बदलतो ही तो लपवण्याची सबब होत नाही. बाजारात पाटीवर खडूने भाव लिहितात आणि संध्याकाळी पुसतात, तसंच इथे करायचं.

मोठ्या अक्षरांत भाव, त्याखाली "सोमवार २१ एप्रिल ते रविवार २७ एप्रिलपर्यंत लागू" अशी तारीख. तारीख दिली की पुढच्या आठवड्यात भाव उतरला तरी गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटत नाही. उलट मे महिन्यात भाव खाली येतो हे जाणणारा माणूस स्वतःहून पुन्हा येऊन बघतो. मात्र तारीख उलटून गेलेली राहिली तर ती भाव नसण्यापेक्षा वाईट. साइट बंद पडलीय असं वाटतं. म्हणून दर रविवारी रात्री हे काम कोण करणार, ते घरात ठरवून टाका.

प्रतवारीचा तक्ता चित्रात नको, मजकुरात हवा. चित्रातली अक्षरं गूगलला नीट मिळत नाहीत, ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर मुंगीएवढी होतात आणि एक आकडा बदलायला पुन्हा छापखाना गाठावा लागतो. तक्त्यात तीनच रकाने ठेवा: एका फळाचं वजन, डझनाचं वजन, भाव. २०० ते २२५ ग्रॅमचं फळ असेल तर डझन साधारण २.४ ते २.७ किलो भरतो, २५० ते २७५ ग्रॅमचं असेल तर ३ ते ३.३ किलो. हे आकडे लिहिलेच पाहिजेत, कारण "मोठा", "मध्यम", "स्पेशल" हे शब्द प्रत्येक विक्रेता आपल्या मनाप्रमाणे वापरतो. पाचसहा रकाने केलेत तर मोबाइलवर तक्ता उजवीकडे बाहेर जातो आणि नेमका भावाचा रकानाच दिसेनासा होतो.

पॅकिंग आणि कुरिअर भावात धरलंय की वेगळं, ते त्याच तक्त्याखाली एका ओळीत लिहा. शेवटच्या पायरीवर अचानक कुरिअरचे पैसे वाढलेले दिसले की भरलेली टोपली (कार्ट) सोडून माणूस निघून जातो. मुंबई-ठाणे-पुणे, उर्वरित महाराष्ट्र, राज्याबाहेर असे तीन दर पुरतात.

तांत्रिक बाजू: खरा भाव एकाच जागी ठेवा, वूकॉमर्सच्या उत्पादनात. पहिल्या पानावर तो हाताने पुन्हा टाइप करू नका, उत्पादनाचा ब्लॉक टाका म्हणजे आकडा तिथूनच उचलला जाईल. प्रत्येक वजनाचं वेगळं उत्पादन न करता एकाच उत्पादनाचे पर्याय करा. तारखेची ओळ अनेक पानांवर हवी असेल तर वर्डप्रेसचा सिंक्ड पॅटर्न वापरा (६.३ आवृत्तीच्या आधी याला रीयूजेबल ब्लॉक म्हणत). एका ठिकाणी बदललं की सगळीकडे बदलतं. भाव बदलल्यावर कॅशे (पानाची साठवून ठेवलेली जुनी प्रत) रिकामी करा, आणि लॉगिन नसलेल्या खासगी खिडकीत पान उघडून खात्री करा. कारण लॉगिन असताना तुम्हाला बहुधा कॅशेविना ताजं पान दिसतं आणि गिऱ्हाइकाला मात्र गेल्या आठवड्याचं. टोपली आणि पैसे भरायचं पान कॅशेतून कायमचं वगळलेलं असायला हवं, नाहीतर एकाची टोपली दुसऱ्याला दिसण्यापर्यंत गोंधळ होतो.

मोबाइलच्या पहिल्या पडद्याची वाटणी सांगतो. वरची पट्टी ५६ पिक्सेल, फोटो जास्तीत जास्त २०० पिक्सेल उंच, खाली "रत्नागिरी हापूस, थेट बागेतून" असं सरळ शीर्षक, मग "डझन अमुक रुपयांपासून" आणि त्याखाली व्हॉट्सॲप आणि फोनची दोन बटणं. स्वागताचं वाक्य काढून टाका. ते ज्या जागी बसलंय ती साइटवरची सगळ्यात महाग जागा आहे. मेनू पाच नोंदींवर आणा: हापूस, इतर माल, पोच आणि खर्च, आमची बाग, संपर्क.

---

अक्षरजुळणी

कापलेल्या वेलांटीबद्दल. ही चूक मराठी साइटवर फार दिसते, कारण थीम रोमन अक्षरं समोर ठेवून बनवलेली असते. रोमनच्या शीर्षकाला ओळीची उंची १.१ किंवा १.२ पट चालते. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, रकार असतात. त्यांना जागा मिळाली नाही की दोन ओळी एकमेकांत घुसतात, आणि चौकटीबाहेरचं लपवण्याची सूचना थीममध्ये असेल तर मात्रा चक्क कापली जाते. शीर्षकाला १.४, मजकुराला १.६ ते १.७ द्या. शीर्षकाच्या चौकटीची ठरावीक उंचीही काढा.

अक्षरांमधलं अंतर शून्य हवं. इंग्रजी शीर्षकं ऐसपैस दिसावीत म्हणून थीममध्ये एकदोन पिक्सेल अंतर टाकलेलं असतं. मराठीत त्याने शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे पडल्यासारखे दिसतात. तुमच्या मेनूत आणि बटणांवर हे आहे का ते तपासा, तिथे हमखास असतं.

ठळक अक्षरं बरबटलेली दिसत असतील तर फॉन्टचं ठळक वजन चढवलेलंच नाही असं समजा. फक्त साधं वजन (४००) असेल तर ब्राउझर तेच फुगवून खोटं ठळक तयार करतो, आणि क्ष, ज्ञ, द्ध अशा जोडाक्षरांतल्या पोकळ्या बुजतात. ४०० आणि ७०० ही दोन वजनं घ्या, बाकीची नकोत. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा बरीच जड असते. प्रत्येक जादा वजन म्हणजे आणखी एक तेवढीच फाइल. तिरपी अक्षरंही टाळा. बहुतेक देवनागरी फॉन्टांत खरी तिरपी घडण नसते, ब्राउझर उभं अक्षर नुसतं कलवतो.

फॉन्ट म्हणून मुक्त घ्या. मुंबईच्या एक टाइपने घडवलेला आहे, फुकट आहे, लहान आकारात स्वच्छ वाचता येतो. नोटो सान्स देवनागरीही चांगला. मजकूर १७ ते १८ पिक्सेल. इंग्रजीला १६ पुरतात, पण देवनागरीत तेवढ्याच उंचीत वरखाली जास्त काही बसवायचं असतं, म्हणून १६ वर अक्षर बारीक भासतं. फॉन्ट येईपर्यंत मोबाइलचा मूळ फॉन्ट दिसू द्या. गूगल फॉन्ट्समध्ये त्यासाठी "स्वॅप" हा पर्याय आहे. तो नसेल तर मंद नेटवर काही क्षण पान कोरंच राहतं.

वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी करा. त्याने पानावर मराठीची खूण लागते. ती "इंग्रजी" राहिली तर ब्राउझर नको तिथे भाषांतराची पट्टी दाखवतो आणि दृष्टिहीनांचा वाचक-प्रोग्रॅम मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचू पाहतो. शिवाय ल आणि श ही अक्षरं हिंदी वळणाची दिसू शकतात. नोटोसारख्या फॉन्टात दोन्ही वळणं असतात आणि कोणतं घ्यायचं ते ब्राउझर या खुणेवरून ठरवतो.

एक महत्त्वाचं राहिलं. छापखान्याच्या फाइलमधून मजकूर उचलून साइटवर चिकटवणार असाल तर आधी तो युनिकोडमध्ये करून घ्या. श्री-लिपीचे जुने फॉन्ट किंवा कृतिदेव यांत टाइप केलेला मजकूर तुमच्या संगणकावर मराठी दिसतो, पण आत तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग असतो. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर तो ढीगच दिसेल, आणि "रत्नागिरी हापूस" शोधणाऱ्याला तुमचं पान सापडणार नाही. रूपांतर केल्यावर रफार, ऱ्य आणि ॲ असलेले शब्द डोळ्यांखालून घाला, चुका बहुतेक तिथेच राहतात.

आता रंग. पिवळ्यावर पांढरी अक्षरं अजिबात नकोत. वाचनीयतेसाठी अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ ला १ एवढा फरक लागतो. मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. आंबापिवळ्यावर पांढरं अक्षर जेमतेम १.६ च्या आसपास येतं, नारिंगीवर २ च्या थोडं वर. एप्रिलच्या उन्हात, मोबाइल रस्त्यावर हातात असताना, ते दिसतच नाही. त्याच पिवळ्यावर गडद तपकिरी अक्षर घातलं तर फरक ८ च्या पुढे जातो. पिवळा ठेवायचाच असेल तर पट्टीपुरता ठेवा, मजकुराचं पान पांढरं आणि बटण गडद हिरवं.

---

फ्रीलान्सर_डोंबिवली

वरच्या दोघांचं पटलं. फक्त पहिल्या पडद्यावरची दोन बटणं सारख्या रंगाची नकोत. एक भरीव, एक नुसत्या रेषेचं. तुमचा धंदा व्हॉट्सॲपवर चालतो, तर ते भरीव. सारखी दिसली की माणूस निवडत बसतो.

स्लायडर काढा आणि एकच फोटो ठेवा. दुसरा-तिसरा फोटो येण्याआधीच बोट पान वर सरकवतं, पण त्या फोटोंचं वजन मात्र मोबाइलला उतरवून घ्यावंच लागतं. शिवाय वाक्य वाचत असतानाच फोटो बदलतो. पाच गोष्टी सांगायच्याच असतील तर एकाखाली एक मांडा.

फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसा चढवलेला असणार. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० चा असतो, वजन ४-५ एमबी. मोबाइलवर त्यातलं काहीच कामी येत नाही. रुंदी १२०० पिक्सेल करा, वेबपी स्वरूपात ७५ ते ८० दर्जावर साठवा. साधारण १०० ते १५० केबी होईल, आणि पडद्यावर फरक ओळखू येणार नाही. फोटो पीएनजीत साठवू नका. ते स्वरूप लोगो आणि रेखाचित्रांसाठी आहे, फोटोला ते कित्येक पट जड पडतं. गूगलचं स्क्वूश हे फुकट साधन ब्राउझरमध्येच हे सगळं करतं.

पहिला मोठा फोटो आळशी पद्धतीने, म्हणजे पान सरकवल्यावर, येणारा नको. वर्डप्रेस ५.५ पासून फोटो आपोआप तसे करतं. नंतरच्या आवृत्त्या पहिला फोटो सोडून देतात, पण काही प्लगइन सरसकट सगळ्यांना ती खूण लावतात आणि नेमका मुख्य फोटोच सगळ्यात शेवटी येतो. प्लगइनमध्ये पहिला फोटो वगळायची सोय असते ती वापरा. प्रत्येक फोटोला रुंदी-उंची दिलेली हवी. नसेल तर फोटो येताच खालचा मजकूर धक्क्याने सरकतो आणि माणसाचं बोट "फोन करा"ऐवजी दुसरीकडेच पडतं.

खालचा गूगल नकाशा म्हणजे एका चौकटीत जवळपास दुसरी वेबसाइट आहे. त्याच्या जागी नकाशाचं साधं चित्र किंवा नुसता पत्ता आणि "नकाशात उघडा" अशी लिंक द्या. बाग बघायला येणारे मोजकेच, पण नकाशाचं ओझं प्रत्येकाच्या माथी.

वेग मोजायला गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये साइटचा पत्ता टाका आणि मोबाइलचा निकाल बघा. वरचा, प्रत्यक्ष भेट देणाऱ्यांच्या अनुभवाचा भाग तुम्हाला रिकामा दिसेल. लहान साइटला तेवढे लोक नसतात, त्यात बिघाड काही नाही. खालची चाचणी बघा. मुख्य गोष्ट दिसायला २.५ सेकंदांच्या आत, पान हलण्याचा आकडा ०.१ च्या आत. शंभरपैकी गुणांच्या मागे लागू नका. ८० वरून ९५ वर नेण्यात जाणारा वेळ फोटो चांगले काढण्यात घालवा.

फोटोंवरून एक सांगायलाच हवं. विकतच्या संग्रहातले आंब्याचे फोटो वापरू नका. त्यात बहुतेक लालसर, लांबट परदेशी जातींचे आंबे असतात. मुंबई-पुण्यातलं गिऱ्हाईक ते एका नजरेत ओळखतं आणि मग बाकीच्या दाव्यांवरही विश्वास ठेवत नाही. सकाळच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, आपल्याच मालाचे चार फोटो काढा: पेटी उघडलेली, फळ हाताच्या तळव्यावर (आकार कळतो), कापलेली फोड, आणि अढी (गवतात पिकायला ठेवलेली फळं).

---

बागायतदार_रत्नागिरी

मनापासून आभार. स्लायडर आणि नकाशा आजच काढतो. आणखी दोन अडचणी. फॉर्म भरला की "धन्यवाद" येतं, पण मेल कधी मिळते, कधी नाही. आणि पिनकोड टाकताना काही लोकांना "चुकीचा पिनकोड" असं येतं, वास्तविक पिन बरोबर असतो.

---

वेबकाम_पुणे

मेल: फॉर्मचं प्लगइन होस्टिंगच्या साध्या मेल-सोयीतून पत्र पाठवतं आणि "प्रेषक" म्हणून बहुधा गिऱ्हाइकाचाच पत्ता लावतं. जीमेलला दिसतं की पत्र त्या पत्त्याच्या सर्व्हरवरून आलेलंच नाही, म्हणून ते स्पॅममध्ये टाकतं किंवा नाकारतं. एसएमटीपीचं (खऱ्या मेल-खात्यातून पत्र पाठवणारं) प्लगइन बसवा, प्रेषक म्हणून स्वतःच्या डोमेनचा (साइटच्या नावाचा) पत्ता ठेवा आणि गिऱ्हाइकाचा पत्ता "उत्तर द्या"च्या खान्यात घाला. डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या सेटिंगमध्ये) एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन नोंदी हव्यात, पत्र खरंच तुमच्याकडून आलंय हे त्यांवरून पटतं. होस्टिंगवाल्याकडे त्या तयार मिळतात. शिवाय आलेला प्रत्येक फॉर्म वर्डप्रेसच्या आत साठवून ठेवायची सोय सुरू करा, म्हणजे मेल हुकली तरी ऑर्डर हुकणार नाही.

पिनकोड: मराठी कीबोर्ड चालू असताना माणूस ४००६०१ असं देवनागरीत टाइप करतो आणि तपासणी फक्त रोमन आकडे ओळखते. डिझायनरला सांगा की तपासण्याआधी देवनागरी अंक रोमनमध्ये बदलून घ्यायचे, आणि मध्ये जागा सोडली असेल तर तीही काढायची. हेच मोबाइल नंबरला. ९१, शून्य, मधले आडवे दंड हे सगळं चालवून घ्या आणि शेवटचे दहा आकडे उचला. या खान्यांना अंकांचा कीबोर्ड उघडेल अशी सूचना लावा, त्याने निम्मा त्रास तिथेच मिटतो. खान्यातलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान नको, नाहीतर आयफोनवर खान्यात बोट ठेवताच पान मोठं होतं आणि बाजूचं दिसेनासं होतं.

फॉर्ममध्ये नाव, मोबाइल, पिनकोड, किती डझन, एवढंच विचारा. ईमेलची सक्ती नको.

व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये नंबर ९१ ने सुरू करा. अधिकचिन्ह, शून्य आणि मधल्या जागा टाकल्या की लिंक चालत नाही. लिंकमध्येच आधी लिहिलेला मजकूर देता येतो: "हापूस हवा आहे. वजन: / डझन: / पिनकोड:". गिऱ्हाईक रिकाम्या जागा भरून पाठवतं आणि तुमचे चार उलटप्रश्न वाचतात. तरंगतं व्हॉट्सॲपचं बटण ठेवलंत तर पानाच्या तळाशी ८० पिक्सेल मोकळे सोडा. नाहीतर ते नेमकं "टोपलीत टाका"वर बसतं. बटणं निदान ४८ पिक्सेल उंच.

---

परवाने_आणि_हिशेब

रचनेइतकंच महत्त्वाचं, आणि छोट्या साइटवर हमखास गाळलेलं: तळपट्टीतला मजकूर.

आमरस आणि आगळ हे तयार अन्नपदार्थ आहेत, त्यामुळे एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ अंकी क्रमांक तळपट्टीत आणि त्या-त्या उत्पादनाच्या पानावर द्या, चित्रात नव्हे तर मजकुरात. पाकीटबंद मालाचं निव्वळ वजन आणि एमआरपी पानावर दिसायला हवी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे व्यवसायाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत, निपटारा एका महिन्यात. याच नियमांत आधीच टिक केलेल्या चौकटींना मनाई आहे. "भेटवस्तूचं पॅकिंग जोडा" अशी टिक आधीच मारून ठेवली असेल तर काढा.

पेमेंट गेटवेला अर्ज करताना परतावा, पोच, गोपनीयता आणि अटी अशी वेगळी पानं मागतात. दुसऱ्याच्या साइटवरून उचललेला परताव्याचा मजकूर टाकू नका. आंब्याला "सात दिवसांत परत" चालत नाही. "पेटी मिळाल्यापासून २४ तासांत खराब फळांचा फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत" असं, स्वतः पाळू शकाल तेच लिहा, आणि भावाच्या तक्त्याजवळ त्याची एक ओळ द्या. नाशवंत माल न बघता घेणाऱ्याची खरी धास्ती तीच असते.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं आहे. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर येतात. तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल तर क्रमांकासह तसं लिहा. नसेल तर मानांकनाचं बोधचिन्ह साइटवर नको.

"कार्बाइडमुक्त" असा मोठा बिल्ला लावण्यापेक्षा फळ कसं पिकवता ते दोन वाक्यांत सांगा. कॅल्शियम कार्बाइडने पिकवायला मुळातच बंदी आहे, त्यामुळे त्या बिल्ल्यातून वेगळं काही कळत नाही. गवताच्या अढीत पिकवता की कच्चं पाठवता, घरी पोचल्यावर किती दिवसांनी खायला तयार होतं, पेटी उघडून कशी ठेवायची, हे लोकांना खरंच हवं असतं.

---

अक्षरजुळणी

भाषेचा प्रश्न राहिला होता. मुख्य साइट मराठीत ठेवा आणि बेंगळुरू-हैदराबादसाठी एक वेगळं इंग्रजी पान करा, स्वतःच्या पत्त्यासह. त्यात भाव, वजन, पोच, परतावा एवढं आलं की पुरे. आपोआप भाषांतर करणारं प्लगइन लावू नका. आगळ, काजूगर, अढी, पेटी या शब्दांचं ते काहीही करतं. मोबाइलची भाषा बघून पान आपोआप बदलण्याची सोयही नको. मराठी वाचणाऱ्या कित्येकांचा मोबाइल इंग्रजीत असतो आणि त्यांना उगाच इंग्रजी पान मिळतं. वर कोपऱ्यात "मराठी" आणि दुसऱ्या भाषेचं नाव तिच्याच लिपीत, एवढंच द्या. झेंड्यांची चित्रं नकोत.

पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत आणि छोटा ठेवा. देवनागरी पत्ता ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की प्रत्येक अक्षर आणि मात्रेमागे टक्केचिन्हांसह ९ वर्ण होतात. लांबलचक भेंडोळं बघून लोक दाबायला कचरतात. वर्डप्रेसमध्ये पत्त्याची मर्यादा २०० वर्णांची आहे, म्हणजे देवनागरीत बावीसएक चिन्हांनंतर तो मध्येच तुटतो. पत्त्यात वर्ष घालू नका. तेच पान दर हंगामात वापरायचं. हंगाम संपला की पान न काढता "पुढचा आंबा एप्रिलमध्ये, नाव नोंदवा" असा फॉर्म त्यावर ठेवा, आणि काजूगर-आगळ वर घ्या.

---

फ्रीलान्सर_डोंबिवली

हंगाम तोंडावर आहे म्हणून क्रम सांगतो. आज आणि उद्या: भाव तारखेसह, तक्ता मजकुरात, स्लायडर बाहेर, व्हॉट्सॲपची लिंक. यातल्या कशालाही डिझायनर लागत नाही. त्यानंतर फोटो लहान करणं, ओळीची उंची, रंग. मग मेल आणि पिनकोड, ते डिझायनरकडूनच करून घ्या. इंग्रजी पान सगळ्यात शेवटी.

दोन गोष्टी लगेच तपासा. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये "वाचन" या पानावर शोधयंत्रांना मनाई करणारी एक चौकट असते. साइट बनवताना ती टिक केलेली असते आणि नंतर काढायची राहते. टिक असेल तर गूगलमध्ये तुम्ही दिसणारच नाही. आणि डोमेन कोणाच्या ईमेलवर नोंदवलंय ते बघा. डिझायनरच्या खात्यात असेल तर हंगामाआधी स्वतःच्या खात्यात घ्या आणि मुदत किमान एप्रिल-मेच्या पुढे जाईल अशी वाढवा.

बदल झाल्यावर, साइट कधीच न पाहिलेल्या एखाद्याच्या हातात त्याचाच मोबाइल राहू द्या आणि सांगा: ठाण्याला दोन डझन मागव. मध्ये काही बोलू नका. बोट जिथे थांबेल किंवा मागे जाईल ती जागा लिहून ठेवा. वायफाय बंद करून, मोबाइल डेटावरच बघा. आणि व्हॉट्सॲपवर साइटची लिंक स्वतःलाच पाठवून सोबत येणारं चित्र कोणतं दिसतं ते बघा. कोणतंच चित्र ठरवून दिलं नसेल तर तिथे लोगो येतो किंवा रिकामी चौकट. एसइओच्या (शोधयंत्रांसाठीच्या) प्लगइनमध्ये १२०० बाय ६३० पिक्सेलचा, ३०० केबीच्या आतला उघड्या पेटीचा फोटो घाला. त्यावर भाव लिहू नका, कारण व्हॉट्सॲपवर एकदा गेलेलं चित्र नंतर बदलता येत नाही.